वाचक विचारतात : बातमी चुकली, तर जाब कुणाला विचारायचा?

माध्यमांची समाजातली जबाबदारी या विषयावर प्रश्न पाठवा, असे आवाहन मागच्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांत तक्रारींचाच भरणा मोठा आहे. ‘माध्यमे विकली गेली’ असे एका ओळीत लिहून थांबणारी पत्रे बाजूला ठेवली आहेत. ज्यांत नेमकी अडचण मांडली आहे, ती उत्तरांसाठी घेतली. प्रत्येक बातमीला धनी असतो आणि त्या धन्याला जाब विचारायची रीतही ठरलेली आहे. ती माहीत नसल्यामुळे राग पानटपरीवरच विरून जातो. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : एका दैनिकात आमच्या सोसायटीने अवैध नळजोडणी घेतल्याची बातमी आली. जोडणी सापडली ती आमच्यासारख्याच नावाच्या दुसऱ्या सोसायटीत. फोन केला तर ‘बघतो’ म्हणाले. आता लोक आम्हालाच विचारतात. काय करावे? – सोसायटीचे सचिव, बेसा

फोनवर बोलून उपयोग नाही. फोन बातमीदार उचलतो. दुरुस्ती छापायचा निर्णय मात्र संपादकाचा असतो, आणि तो कागदाशिवाय होत नाही.

आधी पुरावा ताब्यात घ्या. त्या दिवसाचा छापील अंक मिळवा. आवृत्तीचे नाव, तारीख, पान आणि रकाना लिहून ठेवा. शहर आवृत्ती आणि बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीत तीच बातमी वेगळी असू शकते, म्हणून ई-पेपरचे पानही उतरवून घ्या. संकेतस्थळावर बातमी असेल तर तिचा दुवा आणि तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. संकेतस्थळावरची बातमी कुणाला न कळता बदलता येते, छापील अंक बदलत नाही.

मग अंकात तळाशी बारीक अक्षरांत छापलेली ओळ शोधा. बहुधा शेवटच्या पानावर असते. मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छपाईचे ठिकाण तिथे असते. बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कुणाची, हेही अनेक पत्रे तिथेच लिहितात. तुमचे पत्र त्या नावाने जाईल, बातमीदाराच्या नावाने नाही.

पत्र 150 ते 200 शब्दांत बसवा. काय छापले ते शब्दशः, वस्तुस्थिती काय आणि पुरावा कोणता, एवढेच लिहा. सोबत सोसायटीचे नोंदणी प्रमाणपत्र आणि पाणीपट्टीची शेवटची दोन बिले जोडा. बातमीदाराने पैसे खाल्ले, कुणाच्या सांगण्यावरून केले, असे काही लिहू नका. ते सिद्ध करता येत नाही, आणि मूळ चूक बाजूला पडून पत्र वकिलाच्या टेबलावर जाते.

काय हवे आहे तेही स्पष्ट मागा. ‘खुलासा’ आणि ‘दुरुस्ती’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुलाशात तुमची बाजू छापतात आणि खाली ‘आमचा बातमीदार बातमीवर ठाम आहे’ अशी ओळ टाकायला पत्र मोकळे राहते. दुरुस्तीत पत्र स्वतःची चूक मान्य करते. तुमच्या बाबतीत नावच चुकले आहे, तेव्हा दुरुस्तीच मागा. बातमी ज्या पानावर आली त्याच पानावर ती यावी आणि संकेतस्थळावरच्या बातमीतही बदल व्हावा, हे लिहायला विसरू नका. पत्र ई-मेलने पाठवा आणि स्पीड पोस्टनेही. पोच जपून ठेवा.

आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही, तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार करता येते. 1978 च्या कायद्याने चालणाऱ्या या संस्थेचे कार्यालय दिल्लीत आहे. शुल्क नाही, वकीलही लागत नाही. दैनिक किंवा साप्ताहिकातल्या मजकुराविरुद्ध प्रकाशनापासून दोन महिन्यांत आणि इतर नियतकालिकांविरुद्ध चार महिन्यांत तक्रार पोहोचावी लागते. उशिराचे कारण पटले तर अध्यक्ष सवलत देऊ शकतात, पण त्या भरवशावर बसू नका. तक्रारीसोबत मूळ कात्रण, त्याचा इंग्रजी अनुवाद, संपादकाला लिहिलेल्या पत्राची प्रत, उत्तर आले असल्यास ते, आणि या विषयावर न्यायालयात प्रकरण प्रलंबित नसल्याचे निवेदन लागते. अनुवाद न जोडल्यामुळे मराठी पत्रांविरुद्धची तक्रार त्रुटी काढून परत येऊ शकते. संपादकाला आधी लिहिलेच नसेल तर ती पहिल्याच पायरीवर अडते.

कौन्सिल ताकीद देऊ शकते, कानउघाडणी करू शकते, निषेध नोंदवू शकते. दंड किंवा तुरुंगवास देण्याचा अधिकार तिला नाही. ही मर्यादा मोठी आहे आणि ती दूर व्हायला हवी, असे आमचे मत आहे. तरीही संपादकाच्या नावावर निषेधाची नोंद होणे ही बाब कोणतेही पत्र हलक्याने घेत नाही.

न्यायालयाचा मार्गही आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामी हा दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेचा गुन्हा आहे. त्याची फिर्याद दंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा एका वर्षाच्या आत दाखल करायचा असतो. पण प्रकरण न्यायालयात गेले की कौन्सिलला त्यात चौकशी करता येत नाही, म्हणून क्रम विचार करून ठरवा. नुसती दुरुस्ती हवी असलेल्याने थेट न्यायालयात जाऊ नये.

प्रश्न : हे वृत्तवाहिन्यांनाही लागू आहे का? – प्रतापनगर

नाही. प्रेस कौन्सिलच्या कक्षेत वृत्तपत्रे, नियतकालिके आणि वृत्तसंस्था येतात. वाहिन्यांसाठी केबल टेलिव्हिजन नियमांत 2021 मध्ये तीन पायऱ्या घातल्या गेल्या. पहिली तक्रार वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे. त्याने 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यायचा. समाधान झाले नाही तर पुढच्या 15 दिवसांत, ती वाहिनी ज्या स्वयंनियमन संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे अपील. तिला 60 दिवसांची मुदत आहे. त्यानंतर केंद्र सरकारची देखरेख यंत्रणा.

तक्रारीत तारीख, वेळ, कार्यक्रमाचे नाव आणि खालच्या पट्टीवरचे नेमके शब्द द्या. ‘संध्याकाळच्या चर्चेत’ एवढ्यावर काही होत नाही. वाहिन्यांना प्रक्षेपणाचे चित्रण 90 दिवस जपून ठेवावे लागते, म्हणून त्याच्या आत लिहा. शक्य असेल तर टीव्हीसमोर मोबाइल धरून त्या भागाचे चित्रण तेव्हाच करून ठेवा.

प्रश्न : माईक आणि ओळखपत्र घेऊन दोघे दुकानात आले. ‘तुमच्या मालाची बातमी यूट्यूबवर टाकतो, नाहीतर जाहिरात द्या’ म्हणाले. हे खरे पत्रकार असतात का? – किराणा व्यापारी, इतवारी

त्यांनी जे केले त्याला पत्रकारिता म्हणत नाहीत. बदनामीची भीती घालून पैसे उकळणे ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचे कलम 308. गळ्यात ओळखपत्र असल्याने तिचे स्वरूप बदलत नाही.

एक गोष्ट मात्र समजून घ्या. आपल्या देशात पत्रकारितेला परवाना लागत नाही. राज्यघटनेच्या कलम 19(1)(क) ने प्रत्येक नागरिकाला दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच ती उभी आहे. राज्याचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय पत्रकारांना देते ती अधिस्वीकृती पत्रिका, म्हणजे सरकारी ओळखपत्र, सरकारी सोयींसाठी असते. ती नसलेलाही खरा पत्रकार असू शकतो आणि तालुक्यातले कितीतरी वार्ताहर तसेच आहेत. छापील नियतकालिकाची नोंदणी 1 मार्च 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याखाली प्रेस रजिस्ट्रार जनरलकडे होते. यूट्यूब चॅनलला ती लागू नाही. म्हणून ‘नोंदणी दाखवा’ एवढे विचारून खरे-खोटे कळणार नाही.

त्याऐवजी त्यांना विचारा : संपादक कोण, त्यांचा नंबर काय, तक्रार नेमकी कुणाची, आणि प्रश्न लेखी देता का? खरा बातमीदार चारही गोष्टी देतो, कारण तुमची बाजू घेणे ही त्याची गरज असते. पैशांचा विषय निघाला की बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा, दुकानातल्या सीसीटीव्हीचे चित्रण वेगळे काढून ठेवा आणि तहसील किंवा लकडगंज, जी हद्द असेल त्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. तातडी असेल तर 112.

हात मात्र उचलू नका. महाराष्ट्रात माध्यमकर्मींवरील हल्ल्यांविरुद्ध 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मारहाण झाली की खंडणी मागणाराच फिर्यादी होतो. आणि मालात खरेच भेसळ असेल, तर बातमी येणारच. ती दाबण्यासाठी दिलेला पहिला पैसा शेवटचा नसतो.

प्रश्न : दंगलीचे, मारामारीचे व्हिडिओ ग्रुपवर येतात. पत्रकार ते कसे तपासतात? आम्हाला घरी करता येईल का? – महाविद्यालयीन विद्यार्थी, महाल

येईल, आणि तुमच्या वस्तीत ते यायलाच हवे. 17 मार्च 2025 च्या रात्री नागपुरात उसळलेल्या दंगलीत अफवा किती वेगाने रस्त्यावर उतरते हे महालाने पाहिले. अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली होती.

पहिला प्रश्न पाठवणाऱ्याला : ‘तू स्वतः पाहिलेस, की तुला आले?’ बहुतेक वेळा शोध इथेच थांबतो. पुढे जायचे असेल तर व्हिडिओ तीन-चार ठिकाणी थांबवून चित्रे काढा. ज्यात पाटी, इमारत किंवा चौक दिसतो अशी चित्रे निवडा, गर्दीची नव्हे. ती गुगल लेन्सवर टाका आणि निकालांत सर्वांत जुनी तारीख शोधा. आजची म्हणून फिरणारी चित्रफीत तीन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या राज्यातली निघणे हा नेहमीचा प्रकार आहे.

मग तपशील वाचा. दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत? गाड्यांचे क्रमांक एमएच 31, 40 किंवा 49 आहेत का? निदान एखादी तरी गाडी नागपूरची दिसायला हवी. लोक स्वेटर घालून आहेत आणि मथळा मे महिन्याचा आहे का? आवाज मूळचा आहे की वरून गाणे किंवा घोषणा चिकटवली आहे? आवाज काढून टाकलेला व्हिडिओ अधिक संशयास्पद समजा, कारण बोलीवरून गाव कळते. शोधात काहीच सापडले नाही तर ‘खरा असावा’ असा अर्थ काढू नका. फक्त ‘अजून कळलेले नाही’ एवढाच अर्थ होतो, आणि तोवर पुढे पाठवायचा नाही.

बातमीदाराला याहून जास्त करावे लागते. त्याला घटनास्थळी जायचे असते, किंवा एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांकडून खात्री करून घ्यायची असते. इथे नवखे बातमीदार हमखास फसतात. दोन संकेतस्थळांनी एकाच वृत्तसंस्थेचा मजकूर उचलला असेल, तर ते दोन आधार नाहीत, एकच आहे. तणावाच्या पहिल्या काही तासांत समाजांची नावे आणि न पडताळलेले जखमींचे आकडे देऊ नयेत. ‘आठ जखमी’ची बातमी ‘अनेक ठार’ होऊन फिरू लागली की मागाहून आलेली दुरुस्ती तिला गाठू शकत नाही.

प्रश्न : अत्याचारित मुलीचे नाव छापत नाहीत, पण वस्ती, शाळा, वडिलांचा व्यवसाय सगळे छापतात. मग ओळख लपली कुठे? – शिक्षिका, कामठी

लपत नाही, आणि हे बेकायदा आहे. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 23 मध्ये नावाबरोबर पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा आणि परिसरही येतो. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली वेगळा गुन्हा आहे.

बिघडते ते असे : एक पत्र वस्ती देते, दुसरे इयत्ता, तिसरे ‘रिक्षाचालकाची मुलगी’ लिहिते. प्रत्येकाला वाटते आपण नाव दिले नाही. तिन्ही एकत्र वाचणाऱ्या शेजाऱ्याला घर कळते. आरोपी नातेवाईक असेल तर त्याचे पूर्ण नाव छापले की मुलीचेही नाव छापल्यासारखेच होते. डेस्कवर बसलेल्या उपसंपादकाने अशी बातमी वाचताना गल्लीतल्या माणसाच्या नजरेने वाचावी आणि ओळखीचा धागा देणारा प्रत्येक शब्द काढावा. बातमीचे काहीही अडत नाही. असे छापलेले दिसले तर दुरुस्ती मागू नका, दुरुस्तीने ओळख पुन्हा पसरते. मजकूर संकेतस्थळावरून तत्काळ काढायला सांगा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला किंवा 1098 या बाल मदत क्रमांकावर कळवा.

प्रश्न : आमच्या भागात शेतकरी आत्महत्येच्या बातम्या नेहमीच्या झाल्या. चार ओळी आणि फोटो. अशा बातम्यांनी काय साधते? – काटोल तालुका

चार ओळींनी काहीच साधत नाही, उलट नुकसान होऊ शकते. प्रेस कौन्सिलने 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींवर आधारित सूचना स्वीकारल्या आहेत. बातमी ठळक जागी देऊ नये, पद्धत आणि जागेचे वर्णन करू नये, छायाचित्र आणि सनसनाटी मथळा टाळावा, आत्महत्या हा अडचणीवरचा उपाय वाटेल असे लिहू नये. कीटकनाशकाचे नाव छापणे हा सर्वांत घातक तपशील आहे आणि तोच नेमाने छापला जातो. बातमीखाली मदतीचा क्रमांक असावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक 24 तास, विनाशुल्क आहे.

पण विदर्भात या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती सूचनांच्या यादीत सापडत नाही. मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला शासनाची एक लाख रुपयांची मदत मिळते ती जिल्हा समितीने प्रकरण ‘पात्र’ ठरवले तरच. समिती नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा पाहते. बातमीदार पोलीस ठाण्यातल्या पहिल्या तोंडी माहितीवर ‘दारूच्या व्यसनातून’ किंवा ‘घरगुती वादातून’ लिहून मोकळा होतो. तपास पूर्ण झालेला नसतो, सातबारा आणि कर्जखाते कुणी पाहिलेले नसते. ते दोन शब्द मात्र गावात आणि कागदांत त्या कुटुंबाचा पाठलाग करतात. कारण कळले नसेल तर ‘कारण समजलेले नाही’ असेच लिहावे.

त्यानंतर खरी बातमी सुरू होते. त्या गावात पीक कर्ज किती जणांना मिळाले, पीक विम्याचा दावा कुठे अडला, प्रकरण अपात्र ठरले तर कोणत्या कारणाने? आकडे देतानाही काळजी हवी. राज्याच्या महसूल विभागाची मोजणी आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची मोजणी वेगवेगळ्या निकषांवर चालते. गुन्हे नोंद विभाग शेतकरी आणि शेतमजूर वेगळे मोजतो. एका वर्षाचा आकडा एकीकडून आणि दुसऱ्याचा दुसरीकडून घेतला की ‘वाढ’ किंवा ‘घट’ कागदावर तयार होते, शेतात नाही.

प्रश्न : निवडणुकीत पैसे देऊन छापलेली बातमी ओळखायची कशी? – धरमपेठ

एकच मजकूर, तोच फोटो, स्वल्पविरामासकट दोन पत्रांत आला तर तो बहुधा एकाच ठिकाणी लिहिला गेलेला असतो. बातमीदाराचे नाव नसणे, उमेदवाराविषयी एकही प्रतिकूल वाक्य नसणे आणि त्याच पानावर दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्ध्याचे तितकेच गुणगान येणे, ही पुढची चिन्हे. लोकसभा-विधानसभेच्या वेळी जिल्हास्तरीय माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समिती असते. कात्रणांसह तिच्याकडे तक्रार करा. निवडणूक निर्णय अधिकारी 96 तासांत उमेदवाराला नोटीस देतात, त्याला उत्तराला 48 तास मिळतात, आणि पेड न्यूज ठरली तर जाहिरातीच्या दराने रक्कम त्याच्या खर्चात धरली जाते. एक कात्रण पुरत नाही. दोन पत्रांतली जुळणारी कात्रणे शेजारी लावून द्या.

प्रश्न : पूर्वीची पत्रकारिता निःपक्ष होती असे म्हणतात. खरे का? – जनसंवादाची विद्यार्थिनी, नागपूर

नाही. या शहरातच पाहा. ‘देशसेवक’वर 1908 मध्ये राजद्रोहाचा खटला झाला तो तटस्थपणाबद्दल नव्हे. ‘हितवाद’ 1911 मध्ये सुरू झाले ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे पत्र म्हणून. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी मुंबईत ‘मूकनायक’ काढले, कारण चालू पत्रांत अस्पृश्यांच्या बाजूला जागाच नव्हती. पत्राला मत असणे हा दोष नाही. मत बातमीच्या पोटात लपवणे हा दोष आहे.

ते पकडायचे असेल तर बातमीतली कर्ता नसलेली वाक्ये अधोरेखित करा. ‘असे बोलले जात आहे’, ‘चर्चेला उधाण आले आहे’, ‘नागरिकांत संतापाची लाट’. कोण बोलले, किती नागरिक, कुठे? उत्तर बातमीत नसेल तर ते बातमीदाराचे किंवा त्याला माहिती पुरवणाऱ्याचे मत आहे. ‘सूत्रांनी सांगितले’ हे मात्र सरसकट फेटाळू नका. माहिती देणाऱ्याची नोकरी जाईल अशी स्थिती असते तेव्हा नाव झाकावेच लागते. अशा वेळी निदान तो माणूस कुठल्या विभागातला, त्याला हे कसे ठाऊक, आणि बातमीदाराने कागद पाहिला की नुसते ऐकले, हे लिहिलेले असावे.

प्रश्न : आमच्याकडे नवी गडरलाइन (सांडपाण्याची वाहिनी) टाकून वर्षही झाले नाही, आणि ती तुंबते. पेपरवाले बातमी घेत नाहीत. – पारडी

‘गडरलाइन तुंबली’ ही तक्रार आहे, तिची बातमी कागद आल्यावर होते. माहिती अधिकारात मनपाच्या झोन कार्यालयाकडे अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि 150 शब्दांत असावा लागतो. 10 रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावा. ‘काम निकृष्ट का झाले?’ असे विचारू नका. ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, अस्तित्वात असलेले कागद मिळतात. रस्त्याचे नाव आणि कालावधी देऊन कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पाने, अदा केलेली देयके आणि दोषदायित्व कालावधीची (कंत्राटदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करण्याच्या मुदतीची) अट, एवढ्या प्रती मागा. प्रतींचे पानाला 2 रुपये पडतात. 30 दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील, तेथेही निराशा झाली तर 90 दिवसांत नागपूर खंडपीठाच्या माहिती आयुक्तांकडे दुसरे.

कागद हाती आले की मोजमाप पुस्तिकेतली पाइपची लांबी आणि व्यास प्रत्यक्षाशी ताडून पाहा. चेंबर उघडे असेल तेव्हा बाहेरूनच टेप धरून फोटो काढा. आत उतरू नका, गटारातला वायू जीव घेतो. मग मनपा पाहणाऱ्या बातमीदाराला दुपारी बाराच्या आत गाठा. संध्याकाळी पाचनंतर तो दिवसाच्या बातम्या लिहीत असतो आणि नवा विषय ऐकायला त्याच्याकडे वेळ नसतो. एका पानावर तारखांचा क्रम, सोबत कागदांच्या प्रती आणि बोलायला तयार असलेल्या दोन रहिवाशांचे नंबर द्या. मूळ कागद स्वतःकडे ठेवा. कंत्राटदार आणि अभियंता यांची बाजू घ्यायला त्याला दोन-चार दिवस लागतील, ते लागू द्या. त्यांची बाजू न घेता दुसऱ्याच दिवशी छापायची तयारी कुणी दाखवली, तर कागद दुसऱ्या पत्राकडे न्या.